ज्युनिअर आइस हॉकीची निवड: लडाखची पंधरावी मुलगी आणि महाराष्ट्राची पहिली

निगडीची_आई

नमस्कार मंडळी. विषय आपल्याकडे फारसा निघत नाही, पण इथे परदेशातले बरेच जण आहेत, खेळणाऱ्या मुलांचे पालकही आहेत, म्हणून धागा काढते आहे.

मुलगी पंधरा वर्षांची आहे, इनलाइन हॉकी खेळते, म्हणजे चाकांवरची. आता तिला बर्फावर खेळायचंय. तिच्यासोबतच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या जोरदार वाद चालू आहे. समजा देशाचा अठरा वर्षांखालील मुलींचा संघ निवडायचाय आणि पहिल्या शिबिराला साठ मुली बोलवायच्या आहेत. मग प्रत्येक राज्याला ठरावीक जागा द्यायच्या, की जिथे खेळ रुजलाय तिथूनच भराभर मुली घ्यायच्या?

२०११च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत होती आणि महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटींच्या आसपास. आणि २०२५मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात आपल्या महिलांनी कांस्यपदक जिंकलं, त्या संघात बहुतेक मुली लडाखच्या होत्या, काही हिमाचलातल्या स्पितीच्या. आई म्हणून लिहायला जड जातं, पण लडाखची पंधराव्या नंबरची मुलगी आमच्या पहिल्या नंबरच्या मुलीपेक्षा सरस आहे, हे मला दिसतं. तरीही आमच्या मुलींकडे कुणी बघितलंच नाही तर त्या पुढे येणार कशा?

बाहेरच्या देशांत एखाद्या भागात किती मुलं तयार आहेत हे कसं ठरवतात? जागा कशा वाटतात? अनुभव असतील तर सविस्तर लिहा.

पेठेतला

पुण्यात बर्फ फक्त रसवंतीत! पण विषय झकास आहे ताई. बसलोय वाचायला.

मिनेसोटाकाकू

मुलगा हॉकीत असल्यामुळे हिवाळाभर आमचा मुक्काम रिंकवरच (बर्फाच्या मैदानावर) असतो, त्यामुळे लिहिते.

इथे मिनेसोटात खेळ गावाच्या संस्थेतून चालतो. मुलगा ज्या गावात राहतो त्याच गावाकडून खेळतो, पुढे शाळेच्या संघातून. ट्रायआउट्सच्या, म्हणजे निवड चाचणीच्या दिवशी सगळ्यांना एकाच रंगाच्या जर्सी देतात, पाठीवर नुसता नंबर. नाव नाही, गेल्या वर्षी कुठल्या संघात होता ते नाही. वर काचेमागे चार-पाच जण पॅडवर आकडे मांडत असतात. रात्री उशिरा संस्थेच्या वेबसाइटवर यादी लागते, तीही नंबरांचीच. अख्खं गाव तोपर्यंत जागं असतं. नंबर सापडला नाही की पोरं मुकाट गादीवर जाऊन पडतात आणि सकाळी सहाला पुन्हा सरावाला हजर.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. अमेरिकेच्या हॉकी संघटनेने देशाचे १२ विभाग पाडलेत. यातली गंमत बघा: मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क ही एकेक राज्यं स्वतःच एकेक विभाग आहेत. उलट पॅसिफिक, रॉकी माउंटन, साउथईस्टर्न या विभागांत कितीतरी राज्यं एकत्र कोंबली आहेत. म्हणजे आखणी करतानाच खेळाडू कुठे जास्त आहेत ते धरलंय. प्रत्येक विभाग आपली निवड करून राष्ट्रीय शिबिराला मुलं पाठवतो आणि किती पाठवायची ते ठरलेलं असतं. मात्र शिबिरातून पुढे जाताना कोटा नाही. मुलांसाठी सर्वांत वरचा टप्पा म्हणजे राष्ट्रीय विकास कार्यक्रम. तो १९९६ला अ‍ॅन आर्बरमध्ये सुरू झाला, २०१५पासून प्लिमथमध्ये आहे, दोन्ही मिशिगनमध्येच. तिथे शेवटच्या चाचणीला चाळीस-पंचेचाळीस मुलं येतात आणि त्यातून जेमतेम निम्मी राहतात. कोण कुठल्या राज्याचा, हे तिथे कुणी विचारत नाही.

दादरकर

म्हणजे दारापर्यंत कोटा, आत गेल्यावर नाही. पटलं.

आकडेमोड

काकूंचा प्रतिसाद उत्तम. मला मोजण्याबद्दल लिहायचंय, कारण या वादात लोक हमखास सर्वांत मोठ्या नावावर बोट ठेवतात.

ऑस्टन मॅथ्यूज २०१६च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी तरुण खेळाडू क्रमाने निवडतात, त्यात) पहिला निवडला गेला. तो वाढला अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये, वाळवंटात. म्हणून अ‍ॅरिझोनात खेळाडूंची फळी तयार आहे असं म्हणता येतं का? अजिबात नाही. सिडनी क्रॉस्बी आणि नेथन मॅकिनन हे बडे तारे दोघंही कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया या छोट्या प्रांतातल्या कोल हार्बरचे. तरीही ऑन्टारिओची बरोबरी नोव्हा स्कोशिया करत नाही.

पहिला खेळाडू कुठून येईल हा बराचसा योगायोग असतो. फळी बघायची तर संघातलं शेवटचं नाव बघा आणि यादीतून नुकतंच गळालेलं नाव बघा. प्रत्येक भागाचा पंचविसावा खेळाडू एकमेकांशेजारी उभा करा. अ‍ॅरिझोनाचा पहिला आणि मिनेसोटाचा पहिला यांत तुम्हाला फरक सापडणार नाही. पंचविसाव्यात जमीन-अस्मानाचा सापडेल.

ताईंनी शीर्षकातच लडाखच्या पंधराव्या मुलीची गोष्ट केली आहे. मोजण्याची खरी रीत तीच.

ब्रॅम्प्टनकर

कॅनडाची गोष्ट लिहितो, कारण इथे हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवायचा प्रयत्न झाला आणि मधेच दिशा बदलली.

सतरा वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा कॅनडात भरते. आधी त्यात कॅनडाचे पाच प्रादेशिक संघ असायचे: ऑन्टारिओ, क्युबेक, अटलांटिक, वेस्ट, पॅसिफिक. बाकी देश आपापला एक संघ आणायचे. २०१४पासून हे बंद झालं. सगळ्या देशातून मुलं एका शिबिराला बोलावून, मिसळून तीन संघ केले: रेड, व्हाइट आणि ब्लॅक.

आम्हा ऑन्टारिओवाल्यांना हे आवडलं, कारण उघड आहे. नुसत्या टोरोंटो परिसरातली लीग घेतली तरी जगातली सर्वांत मोठी बालहॉकी संघटना म्हणून तिचं नाव आहे. जुन्या पद्धतीत ऑन्टारिओचा तेविसावा मुलगा घरी बसायचा आणि चार छोट्या प्रांतांचा मिळून एक पूर्ण संघ जायचा. माझ्या ओळखीचे नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्सचे, म्हणजे अटलांटिक भागातले, एक गृहस्थ नेमकं उलटं सांगतात. त्यांच्या मते अटलांटिकच्या जर्सीत पोरं स्वीडन-रशियाविरुद्ध उतरली तेव्हाच तिथल्या पालकांना, प्रशिक्षकांना वाटायला लागलं की आपल्यालाही जमतं. तो संघ गेला आणि त्यासोबत तिथली एक पायरीही गेली.

मला दोघांचं म्हणणं खरं वाटतं. सतरा वर्षांखालचा संघ जिंकण्यासाठी असतो की खेळाडू घडवण्यासाठी, हे ठरवल्याशिवाय वाद संपणार नाही.

नागपूरचा_संत्री

ब्रॅम्प्टनकरांच्या हॅलिफॅक्सवाल्याला आमच्याकडून सलाम.

महाराष्ट्रात रणजीचे तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. आमच्या लहानपणी लोक म्हणायचे, विदर्भाला वेगळा संघ कशाला, एकच करा आणि मुंबईची पोरं घ्या. तसं झालं असतं तर आमची किती पोरं खेळली असती? शून्य. वेगळा संघ राहिला म्हणून विदर्भ २०१७-१८ला रणजी जिंकला, लगोलग २०१८-१९ला, आणि पुन्हा २०२४-२५ला. आपली जर्सी असली की पोरगं सकाळी उठून मैदानावर जातं.

दादरकर

संत्रीभाऊ, अभिनंदन आहेच. पण पहिल्या दोन वेळी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते आणि फलंदाजीत वासीम जाफर. दोघंही कुठले, सांगायला नको.

नागपूरचा_संत्री

मुंबईने पोरं दिली, आम्ही खेळवली. धन्यवाद आणि अजून पाठवा.

पेठेतला

पुण्याचा उल्लेख कुणीच केला नाही याची नोंद घेण्यात आली आहे.

निगडीची_आई

अहो, धागा आइस हॉकीचा आहे :) पण संत्रीभाऊंचा मुद्दा मी लिहून ठेवला आहे. त्यावर परत येते.

खडकी_सॅपर

मी बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त. लेहला पोस्टिंग झालेलं आहे. लडाखची फळी कशी तयार झाली ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितो.

लेहची उंची साडेअकरा हजार फूट. डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नैसर्गिक बर्फ टिकतो. तेवढाच हंगाम. रिंक करायची तर रात्री करावी लागते. पारा खूप खाली गेला की पाण्याचा पातळ थर सोडायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. एकदम जाड थर टाकला तर वरून गोठतो आणि आत पोकळ राहतो, सकाळी पहिल्याच पोराचं पातं आत जातं. फावड्याने खरवडून, खड्डे भरून पोरं सकाळपर्यंत काचेसारखी जमीन करतात. हे काम करणाऱ्यांत खेळणारी पोरंच जास्त असायची. तलावावर, गुपुक्ससारख्या ठिकाणी, मुलं-मुली स्वतः जागा झाडून घेतात आणि सुरू होतात. जुने लोक सांगायचे की सुरुवातीला लष्करी बुटांना खाली पातं ठोकून खेळायचे.

शाळांना हिवाळ्यात लांबलचक सुट्टी असते. पोरांना दुसरं करायला काही नसतं. थोरल्याचे स्केट्स धाकट्याला जातात. आणि पुढे लष्कर, आयटीबीपी (तिबेट सीमेवरचं पोलीस दल) यांचे संघ आहेत, म्हणजे चांगला खेळला तर नोकरी आहे. बर्फ, सुट्टी आणि नोकरी तिन्ही एका जागी आल्यावर फळी तयार होणारच. यात कुणाच्या रक्तात काही आहे असं मला कधी वाटलं नाही. इथल्या खडकीतल्या पोरांना तो तलाव दिला असता तर तीही खेळली असती.

आता लेहला कृत्रिम बर्फाची रिंकही झाली आहे, त्यामुळे हंगाम लांबला. फरक अजून वाढेल, कमी होणार नाही. ताईंनी हे धरून चालावं.

खडकीवाला

सॅपरसाहेब, खडकीतल्या पोरांना मैदान मिळालं तेव्हा धनराज पिल्ले मिळाला, हे जाता जाता सांगतो!

मैदानी हॉकीत हेच आहे. जालंधरजवळचं संसारपूर एक गाव, तिथून चौदा ऑलिंपिकपटू झाले असं सांगतात. ओडिशातला सुंदरगढ एक जिल्हा: दिलीप तिर्की, लाझारस बार्ला, अमित रोहिदास, बीरेंद्र लाकडा, सुभद्रा प्रधान. राज्यवार समान जागा केल्या असत्या तर यातले अर्धे घरी बसले असते. माझं मत कोट्याच्या विरोधात आहे आणि ते बदलणार नाही.

स्टॉकहोमस्थित

खडकीवाल्यांना स्वीडनचं उत्तर.

इथे १९५९पासून टीव्ही-पुकेन नावाची स्पर्धा चालते. पंधरा-सोळा वर्षांची मुलं आपापल्या जिल्ह्याच्या संघातून खेळतात. क्लबची जर्सी बाजूला ठेवायची आणि जिल्ह्याची घालायची. मुलींसाठी स्टोलबुकलान नावाची अशीच जिल्हावार स्पर्धा आहे. स्टॉकहोमचा जिल्हा अर्थातच बलाढ्य, जेतेपदंही त्यांचीच सर्वांत जास्त. पण कुणी असं म्हणत नाही की उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यांनी येऊच नये. राष्ट्रीय संघाची माणसं सगळे सामने बघतात. हरणाऱ्या जिल्ह्यातलाही एखादा मुलगा नजरेत भरला की त्याचं नाव लिहिलं जातं. जिल्ह्यांमधला फरक सगळ्यांसमोर मैदानावर दिसतो, त्यावर बंद खोलीत भांडायची वेळ येत नाही.

आणि संसारपूर म्हणालात तर इथलं संसारपूर म्हणजे अर्न्शेल्ड्सविक. तीसेक हजार वस्तीचं गाव. पीटर फोर्सबर्ग आणि मार्कस नेस्लुंड दोघंही तिथले, दोघंही जुलै १९७३चे, वयात दहा दिवसांचं अंतर! पुढे सेडिन जुळे भाऊ त्याच गावातून आले, १९९९च्या ड्राफ्टमध्ये दुसरे आणि तिसरे. मग व्हिक्टर हेडमन. सगळे मोडो या एकाच क्लबचे.

आकडेमोड

जन्मतारखेचा विषय स्टॉकहोमस्थित यांनी काढलाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट.

कॅनडात वयोगटाची सीमा १ जानेवारी आहे. १९८०च्या दशकात बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की वरच्या ज्युनिअर लीगमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं वर्षाच्या शेवटी जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. कारण साधं आहे. नऊ-दहा वर्षांच्या वयात दहा-अकरा महिन्यांनी मोठा असलेला मुलगा अंगाने मोठा असतो, निवडला जातो, त्याला जास्त बर्फ आणि चांगला प्रशिक्षक मिळतो आणि मग तो खरोखरच चांगला होतो.

म्हणजे आपण एखाद्या भागाची फळी मोजतो तेव्हा त्यात त्या भागातल्या निवडकर्त्यांची सवयही मोजत असतो. मोठ्या प्रदेशाला हे परवडतं. डिसेंबरची पोरं गळाली तरी जानेवारीची भरपूर उरतात. लहान प्रदेशाला परवडत नाही. महाराष्ट्रात बर्फावर उतरू शकणाऱ्या मुली मुळात थोड्या, त्यातही आपण अंगपिंड बघून चाळणी लावली तर हाती काही राहणार नाही.

मॅथ्यूजचं तर अजूनच. एनएचएल ड्राफ्टची सीमा १५ सप्टेंबर. त्याचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी २०१५ हुकलं आणि वर्षभर थांबावं लागलं.

निगडीची_आई

माझी नोव्हेंबरची आहे. गटात कायम सर्वांत लहान दिसते. हे वाचून बरंच काही लक्षात आलं.

मिनेसोटाकाकू

आमच्या घरात दर आठवड्याला होणारं एक भांडण इथे मांडते.

१९८०च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकन संघात वीस खेळाडू होते. बारा मिनेसोटाचे, चार मॅसॅच्युसेट्सचे, दोन मिशिगनचे, दोन विस्कॉन्सिनचे. बाकी सगळा देश मिळून शून्य.

आता २०१९चा ड्राफ्ट घ्या. त्या प्लिमथच्या कार्यक्रमातले आठ जण पहिल्या फेरीत गेले. जॅक ह्यूज (वाढला टोरोंटोत), टरकॉट इलिनॉयचा, झेग्रस आणि बीचर न्यूयॉर्कचे, बोल्डी मॅसॅच्युसेट्सचा, नाइट कनेक्टिकटचा, कॉफील्ड विस्कॉन्सिनचा आणि यॉर्क कॅलिफोर्नियाचा. मिनेसोटाचा एकही नाही, मिशिगनचाही नाही.

माझा नवरा म्हणतो, बघ, देश पुढे गेला, मिनेसोटा मागे पडलं. मला हे मान्य नाही. देशात सर्वांत जास्त नोंदणीकृत खेळाडू आजही इथलेच आहेत. पण इथली चांगली मुलं सोळाव्या वर्षी घर सोडून मिशिगनला जायला तयारच नसतात. त्यांना आपल्या शाळेच्या संघातून राज्य स्पर्धा खेळायची असते. त्या सामन्यांना सेंट पॉलचं मोठं स्टेडियम खच्चून भरतं. कोण निवडला गेला ही यादी बघून त्या भागात कोण तयार आहे हे कळत नाही, कोण जायला तयार होता एवढंच कळतं.

दादरकर

काकू, आकडेमोड यांनी शेवटचं नाव बघा म्हटलं. पण शेवटचं नाव यादीत यायलाच तयार नसेल तर तो मापदंड कोसळतो की.

आकडेमोड

कोसळत नाही, यादी बदलावी लागते. राष्ट्रीय शिबिराची यादी न घेता त्या वयाच्या सगळ्या चांगल्या लीग एकत्र धरायच्या. मेहनत जास्त, पण उत्तर खरं मिळतं.

शिवाय जागेनुसारही फरक पडतो. क्युबेकचं उदाहरण घ्या. रॉय, ब्रोडर, लुआँगो, फ्लरी असे एकाहून एक गोलकीपर तिथून आले आणि नंतर तो ओघ आटला. फॉरवर्ड मात्र येतच राहिले. एका प्रदेशाची फळी म्हणजे एकच आकडा, असं नसतं.

चाकावरचा_कोच

मी पुण्यात इनलाइन शिकवतो. ताईंच्या मुलीसारखी बरीच मुलं पाहिली आहेत, म्हणून बर्फाशी ज्याचा संबंध येतो तेवढंच लिहितो.

आमची मुलं वेगात, पासिंगमध्ये, डोकं वर ठेवून खेळण्यात कमी नाहीत. पहिल्यांदा बर्फावर उतरली की अडतं ते थांबताना. चाकांवर थांबायचं तर वळण घेऊन वेग मारावा लागतो. बर्फावर दोन्ही पाती आडवी करून वरचा थर खरवडत जागच्या जागी थांबायचं असतं. आमच्या मुलांचा पाय हे करायला धजत नाही, कारण काँक्रीटवर असं केलं तर तोंडावर आपटतात. मग ती मोठं वळण घेतात आणि तेवढ्यात लडाखची मुलगी थांबून, उलटी फिरून, चेंडू... पक घेऊन गेलेली असते. दोन-तीन आठवडे सलग बर्फ मिळाला तर ही भीती जाते. शिबिर चार दिवसांचं असेल तर मात्र निवडकर्त्याला फक्त मोठी वळणं दिसतात.

आता उमेद वाढवणारी गोष्ट. १९८८च्या ऑगस्टमध्ये आइस हॉकीतला महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की लॉस एंजलिसच्या संघात गेला. तिथे बर्फ कुठला? पोरांनी रस्त्यावर, पार्किंगमध्ये चाकांवर हॉकी सुरू केली. २०१०च्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत बो बेनेट आणि एमर्सन एटम हे दोघं कॅलिफोर्नियाचे, दोघंही लहानपणी रोलर हॉकी खेळलेले. आणि काकूंनी लिहिलेल्या आठांतला यॉर्कही कॅलिफोर्नियाचाच. मधे वीस-बावीस वर्षं गेली आणि दरम्यान तिथे रिंकही बांधल्या गेल्या. चाकांनी सुरुवात होते, पुढे बर्फ लागतोच.

पेठेतला

कोचसाहेब, पुण्याहून जवळचा बर्फ कुठे मग? फ्रीज सोडून.

चाकावरचा_कोच

देहरादूनची मोठी रिंक २०११ची, बरीच वर्षं बंद होती, २०२५मध्ये पुन्हा सुरू झाली. गुरुग्रामच्या मॉलमध्ये लहान रिंक आहे. सिमल्याची नैसर्गिक, १९२०पासूनची, पण हिवाळ्यापुरती. आणि लेह, स्पितीतलं काझा. म्हणजे पुण्याच्या मुलीला प्रत्येक सरावासाठी प्रवास आणि मुक्काम. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राची मुलं शॉर्ट ट्रॅक स्केटिंगमध्ये पदकं घेतात, ती अशी प्रवास करूनच.

खडकी_सॅपर

यावर एक प्रस्ताव मांडतो. संत्रीभाऊंनी रणजीचे तीन संघ सांगितले. मग लडाखचा एकच संघ कशाला? लेहचा वेगळा, कारगिल-द्रासचा वेगळा, चांगथांगच्या मुलींचा वेगळा करावा. म्हणजे लडाखची पंधरावी, विसावी, तिसावी मुलगीही मैदानात दिसेल आणि महाराष्ट्राची जागाही कुणी मारणार नाही. तुम्ही सगळे लडाख विरुद्ध बाकीचे असा वाद घालताय, पण खरं नुकसान लडाखच्या दुसऱ्या फळीचं होतंय.

नागपूरचा_संत्री

+१००. क्रिकेटचं अवांतर कामी आलं!

ब्रॅम्प्टनकर

सॅपरसाहेब, हेच हवं होतं. इकडे मोठ्या प्रांतांना एकाहून जास्त संघ मिळतात तेव्हा वाद आपोआप मऊ होतो.

खडकीवाला

एका भागातून तीन संघ, याला माझी ना नाही. पण जिथे फळीच नाही तिथे संघ कशाला? मुलींना वीस-शून्यने हरवून काय शिकवणार?

स्टॉकहोमस्थित

हरणं वाईट नाही, हरल्यावर पुढचं वर्षभर बर्फ न मिळणं वाईट. इथल्या उत्तरेच्या जिल्ह्यांतली मुलं स्टॉकहोमकडून हरली तरी सोमवारी आपल्या रिंकवर सरावाला जातात.

निगडीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपवर काय मांडायचं ते ठरवलंय, इथे आधी लिहिते म्हणजे कुठे पोकळ वाटलं तर सांगाल.

पहिल्या शिबिराला मुली हा खेळ खेळतात अशा प्रत्येक राज्याला दोन-तीन जागा, बाकी सगळ्या जागा खुल्या. त्या खुल्या जागांत बहुतेक मुली लडाख आणि स्पितीच्याच असतील, आणि असाव्यात. शेवटच्या संघात एकही जागा राज्यासाठी राखीव नको. लडाखला राष्ट्रीय स्पर्धेत दोन किंवा तीन संघ मिळावेत. आणि शिबिर चार दिवसांचं नको. चाकांवरून आलेल्या मुलींना निदान तीन आठवडे बर्फ मिळाल्यावर मग चाचणी घ्या. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त भांडणार आहे, कारण त्याला कोटा लागत नाही, पैसे आणि नियोजन लागतं, आणि त्याचा फायदा तेलंगण-कर्नाटकच्या मुलींनाही आहे.

माझी मुलगी यात निवडली जाईल असं मला वाटत नाही. पण तिच्या मागे येणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुली आत्ता रिंकवर पडत-उठत आहेत. त्यांच्यासाठी हे आत्ताच मांडायला हवं.

खडकीवाला

राज्यवार दोन जागांना माझा विरोध कायम. तीन आठवड्यांच्या बर्फाला मनापासून पाठिंबा. पत्र लिहिणार असाल तर सही माझीही घ्या.

आकडेमोड

पत्रात एक ओळ वाढवा: शिबिराच्या यादीत प्रत्येक मुलीच्या जन्माचा महिना आणि बर्फावर घालवलेले महिने लिहावेत. निवडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही आकडे असले पाहिजेत.

मिनेसोटाकाकू

ताई, मुलीच्या बुटाचा नंबर काय? स्केट्स बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान लागतात. माझ्या भाचीची जोडी इथे पडून आहे, नीट धार लावून घेते. डिसेंबरात पुण्याला येतेय, घेऊन येईन.

निगडीची_आई

काकू, पाचचा. व्यनि (खाजगी निरोप) करते आहे!